नगरहून पायपेटी आणायला गेलो होतो

मी कधी फुगवून सांगत नाही. मिरजेत कुणालाही विचारा. आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या मंडळींना माझ्या प्रत्येक गोष्टीला दोनानं भागायची खोड आहे, म्हणून मला ती आधी दुप्पट करून सांगावी लागते एवढंच. तुम्ही नगर जिल्ह्यात गेला नसाल, तुम्हाला भागाकाराची सवय नसेल, तेव्हा तुमच्यासाठी सरळ लिहितो.

आमचा धंदा वाद्यांचा. तंबोरे, सतारी, पेट्या. काही वर्षांपूर्वी एक गोरी म्हातारी बाई उपचारासाठी मिरजेला आली होती. ती दुकानात शिरली आणि रुमालात बांधलेले दोन बिघडलेले सूर तिनं गादीवर ठेवले. सूर म्हणजे पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्या, ज्यांतून आवाज निघतो त्या. मी एकीवर फुंकर मारली मात्र, समोरच्या देवळातला पुजारी आरती थांबवून बाहेर आला. असं गोल, भरीव पितळ मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते सूर होते नगरकडच्या एका खेड्यातल्या पायपेटीचे. पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे, ती पायपेटी. त्या दिवसापासून मी घरात जेवत होतो, पण जीव नगरला होता.

आणि यंदा जानेवारीत बाईंचं कार्ड आलं. लढाई संपून महिना होत आला होता. ‘आम्ही उभयता अमेरिकेस परत जाण्याचे ठरविले आहे. हंगामाच्या सणाच्या दिवशी सामानाचा लिलाव आहे. पायपेटी तुम्हांस हवी असल्यास यावे.’

बायको म्हणाली, “म्हातारी माणसं देश सोडून चाललीत आणि तुम्ही हसताय काय?”

“हसत नाही,” मी म्हटलं, “चेहराच असा आहे.” आणि पेटी बांधायला दोन नवे कासरे पिशवीत घालून निघालो.

केडगावचा नाका

पुणे-नगर एस.टी.बद्दल मी काही बोलणार नाही. इतकंच सांगतो, शिरूरला माझ्या शेजारी बसलेला माणूस नगरला उतरताना माझा शर्ट घालून उतरला आणि मी त्याचा. गाडीच्या दिव्यांवर लढाईतल्या ब्लॅकआऊटच्या दिवसांत फासलेला काळा रंग अजून तसाच होता, आणि काचांवर कागदाच्या पट्ट्या. नगर पलटणीचं गाव, तिथं लढाई आपल्यापेक्षा उशिरा संपते.

केडगावला जकात नाक्यावर गाडी थांबली. एक कानटोपीवाले कारकून आत डोकावले.

“पिशवीत काय?”

“कासरे. पण परतताना टपावर अशी चीज असेल, की तुम्हाला जकात काय लावावी ते कळणार नाही! पायपेटी. इटकरसाहेबांची.”

साहेब म्हणजे त्या बाईंचे यजमान, अमेरिकन मिशनरी; खरं आडनाव व्हिटेकर. पण चाळीस वर्षांत नगर जिल्ह्यानं ते धुऊन, वाळवून, घडी घालून इटकर करून टाकलं होतं. कारकुनांनी कानटोपी कानावरून वर केली.

“म्हंजी साहेब खरंच निघाले?”

“निघाले.”

माझ्या शेजारच्याच्या करंडीत चांगली जकातीजोगी वांगी होती, ती त्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत.

माळपिंपळगाव

नेवाशाच्या रस्त्यावर एका फाट्याला उतरलो. तिथं बैलगाडी घेऊन याकोबतात्या उभे होते. सत्तरीचे, पांढरी टोपी, ख्रिस्ती देवळातल्या वडील मंडळींपैकी. गावातली निम्मी घरं ख्रिस्ती, निम्मी मराठ्यांची. पटके बघून ओळखावं म्हटलं तर दोघांचेही सारखेच मळलेले.

“तुमी पेटी न्यायला आला व्हय?” तात्यांनी विचारलं.

“हो.”

“न्या की,” ते म्हणाले. वैद्यानं रोग्याला ‘आता काय वाटेल ते खा’ म्हणावं, तसं म्हणाले. मला ते जरा खटकलं, पण गाडीत पेटीसाठी कडबा अंथरलेला बघून मी खूश झालो.

बंगला म्हणजे दगडी भिंती, कौलं आणि पुढं लांब पडवी. पडवीत इटकरसाहेब उभे. माणूस इतका उंच, की त्यांना नमस्कार पोचायला वेळ लागतो. वय पंच्याहत्तर, डोळे निळे, आणि तोंड उघडलं तर अस्सल नेवासं.

“या या! लई उशीर केला. गाडी फाट्याव लवकर आली न्हाई का?”

मी मिरजेचा ब्राह्मण, चार यत्ता जास्त शिकलेला, त्या गोऱ्या माणसापुढं माझंच मराठी मला परदेशी वाटायला लागलं. मिरजेला आलेल्या त्या बाईंचं, एलनबाईंचं, मात्र उलट. त्या मराठी शिकल्या धर्मपुस्तकातून, म्हणून त्या मीठ मागतानाही शुभवर्तमान सांगितल्यासारख्या मागत. “हे बंधो, तुम्ही श्रमलेले आहा, तर आधी चहा प्या.”

चहानंतर मी पायपेटी बघितली. काळसर सागवान, भाता मारायच्या पायट्यांवर गालिचा झिजलेला. मी एक सूर दाबला. आता काय सांगू! आढ्यावरची कबुतरं खाली येऊन ओळीनं बसली. (बरं, दोन कबुतरं. पण बसली.)

संध्याकाळच्या जेवणाला नगरहून आणखी एक गोरी बाई आल्या होत्या, मिस हॉबडे. इंग्रज, निवृत्त नर्स, सायकलवरून आलेल्या. नगरच्या अर्ध्या लोकांना जगातली पहिली चापट यांनीच मारलेली. स्वयंपाकीण मार्थाबाईंनी हुलग्याची शेंगोळी केली होती. आमच्याकडं हुलगे आम्ही बैलाला घालतो. शेंगोळी खाल्ल्यावर मला बैलांचा प्रथमच हेवा वाटला. साहेब लसणाच्या फोडणीचा रस्सा वाटीनं पीत होते आणि मार्थाबाई “साहेब, रातच्याला पोटात आग पडंल,” म्हणून दटावत होत्या.

माझ्यासाठी तिघंही मराठीतच भांडली.

“मला सांगा, व्हिटेकर,” मिस हॉबडे म्हणाल्या, “आम्ही इंग्रजांनी या लोकांवर राज्य केलं. आम्हाला कोणी हाकललं नाही. मी तेव्हा ट्रंक भरली होती. पंचवीस वर्षं झाली, त्यातले गरम मोजे अजून सापडत नाहीत. तुम्ही तर नुसत्या विहिरी खणल्या!”

“विहिरींचा प्रश्न न्हाई,” साहेब म्हणाले. “आमच्या देशाचं आरमार बंगालच्या समुद्रात आलं. इथली पोरं सीमेवर, आन आमचं जहाज त्यांच्या विरुद्ध. मी काय तोंड दावू?”

“जहाज तुम्ही बोलावले नाही,” एलनबाई म्हणाल्या.

“राहायचा परवाना दर साली येतो. औंदा अजून आला न्हाई. ब्रह्मदेशातून आपल्या ओळखीच्या मिशनऱ्यांना दोन ट्रंका घेऊन निघावं लागलं, ठावं हाय ना? कुनी दार वाजवून बाहेर काढण्याआधी आपणच चपला घातलेल्या बऱ्या.”

“आणि मग माझ्याशी इंग्रजीत भांडायला कोण राहील?” मिस हॉबडे म्हणाल्या आणि त्यांनी रागानं तिसऱ्यांदा शेंगोळी घेतली.

एलनबाईंनी उठून पेटीवरचा रुमाल सारखा केला. मी ताटात बघितलं. लबाड माणसानं अशा वेळी ताटात बघावं.

पाटलाच्या रानात

दुसऱ्या दिवशी सकाळी हुरडा. रंभाजी पाटील हे गावचे पाटील, साहेबांचे शेजारी, बांधाला बांध. आगटीत ज्वारीची कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, गरम गरम दाणे तोंडात आणि वर लसणाची चटणी. हवेत अशी थंडी की माझे शब्द तोंडातून बाहेर पडून गोठत होते आणि आगटीजवळ गेल्यावर ऐकू येत होते. आमच्या कृष्णाकाठी हिरव्या वांग्याचं भरीत, उसाचा रस, सगळं ओलं ओलं. इथं सगळं कोरडं, खमंग. माणसंही तशीच. गोड बोलायला पाणी वाया घालवत नाहीत.

साहेब आमच्यापासून जरा लांब, ज्वारीत उभे राहून कणसं खुडत होते. कणसांच्या वर नुसती त्यांची हॅट फिरताना दिसत होती.

“बघा,” पाटील म्हणाले. “मागल्या म्हैन्यात आरमाराची बातमी आली. दुसऱ्या दिशी पोलीस जमादार माझ्याकडं. म्हनं, म्हातारा रेडूवर काय ऐकतो? मी म्हनलो, मला काय ठावं, मला तर त्याचं घोरनं ऐकू येतं. गेला. पर कुनीतरी ते साहेबाच्या कानावर घातलं. तवापास्नं ह्यो म्हनतो, माझ्यापायी गावाला तरास नको.”

“मग तुम्ही सगळे त्यांना ‘राहा’ म्हणा की!”

पाटलांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा मिरजेला जाऊन पहिलीत बसावं.

“असं कसं म्हनायचं? आमी म्हनलो राहा, आन उद्या वरनं कागद आला, जावा, मंग? दिलेला शबुद खोटा पडला न्हाई का? राहा म्हनायला दिल्ली काय आमच्या हातात हाय?”

“मग काय, जाऊ देणार?”

पाटील फुंकर घालून कणीस सोलत राहिले. याकोबतात्या आगटीच्या पलीकडं बसले होते. ते म्हणाले, “उद्या लिलाव हाय ना? लिलाव हुऊ द्या. आमी लिलाव करनार. साहेबानं सांगितलंय, करनार.”

दोघंही एकमेकांकडं न बघता हसले. मला वाटलं, खुर्च्या स्वस्तात मिळणार म्हणून हसतात. मी स्वतः पेटीचाच विचार करत होतो. जो तो आपल्यावरून जग जोखतो.

लिलाव

हंगामाचा सण म्हणजे काय, ते आमच्या बाजूला माहीत नाही म्हणून सांगतो. पीक निघालं की ख्रिस्ती मंडळी आपल्या रानातला, परसातला वाटा देवळात आणून ठेवतात. भोपळे, बाजरीची पोती, अंडी, ऊस, एखादं करडू. भजन-प्रार्थना झाली की बाहेर अंगणात त्याचा लिलाव. या गावात बोली पैशात नाही, कोंबड्या-बाजरीत होते. सणाला मराठ्यांची घरंही येतात. भोपळ्याला धर्म नसतो.

सणाचा लिलाव उरकला आणि त्याच अंगणात, बंगल्याच्या पडवीसमोर, साहेबांनी आपलं सामान मांडलं. डुलती खुर्ची, कंदील, हातानं फिरवायचं आइस्क्रीमचं भांडं, रेडिओ आणि शेवटी, चादर पांघरून, पायपेटी. साहेब एका बाजूला उभे, हॅट हातात. एलनबाई पडवीच्या पायरीवर. मी अगदी पुढं.

याकोबतात्या टेबलावर चढले. “डुलती खुर्ची! बोला!”

“एक कोंबडी!” पाटील.

“दोन!” मागून कुणीतरी.

“दोन कोंबड्या आन पायली बाजरी!” पुन्हा पाटील.

“एक वार, दोन वार, तीन वार! खुर्ची पाटलाची!”

पाटलांनी खुर्ची डोक्यावर घेतली, अंगणातून एक फेरी मारली आणि पडवीत, तिच्या नेहमीच्या जागी, दोन इंच इकडं नाही की तिकडं नाही, नेऊन ठेवली.

“देवाला वाहिली,” म्हणाले आणि मिशी पुसत परत आले.

“डुलती खुर्ची!” तात्या पुन्हा ओरडले. “बोला!”

मी पोराटोरांसकट हसलो. साहेब हसले नाहीत. खुर्ची पुन्हा विकली गेली, पुन्हा डोक्यावरून पडवीत गेली. ती चार वेळा विकली गेली. (मिरजेत मी आठ सांगतो.) कंदील गेला आणि खुंटीला परत लागला. आइस्क्रीमचं भांडं मार्थाबाईंनीच घेतलं आणि मार्थाबाईंनीच फळीवर ठेवलं. अंगणात मात्र पाय बांधलेल्या कोंबड्यांची रास वाढत चालली होती.

“तात्या!” साहेबांचा आवाज चढला. “अरे, ह्यो सणाचा लिलाव न्हाई! इक्रीचा हाय! घेतलेली वस्तू घरी न्यायची!”

तात्या टेबलावरच ताठ झाले. “साहेब, मी तिशीत हुतो तवा याच अंगणात तुमी आमाला लिलाव शिकवला. म्हनला, वस्तू घ्यायची आन देवाच्या नावानं परत ठिवायची, म्हंजी ती पुन्यांदा इकता येती. आता ह्या वयात दुसरा लिलाव कुठनं शिकू? आमाला ह्योच येतो.”

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. जमादार. हँडलला पेरूंची पिशवी. सगळं अंगण गप्प, कोंबड्यासुद्धा. साहेबांनी हळूच बाईंच्या बाजूला सरकून त्यांचा हात धरला. गेला महिनाभर ज्या क्षणाला ते भीत होते, तो हाच, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“गर्दी कसली?” जमादारांनी विचारलं.

“लिलाव,” तात्या म्हणाले. “लई येळेवर आला. रेडूच निघतोय. बोला!”

जमादारांनी रेडिओकडं बघितलं, माणसांकडं बघितलं. पिशवी वर उचलली. “पेरू,” ते म्हणाले.

“पेरू एक वार, दोन वार, तीन वार!”

दुसरं कुणी बोलायच्या आत जमादार बाकावर आणि रेडिओ त्यांच्या मांडीवर. त्यांनी बटण फिरवलं. खरखर झाली आणि पुणे केंद्रावरून एक माणूस कांद्याच्या रोपांवरच्या किडीबद्दल अतिशय काळजीनं बोलू लागला. जमादार कान देऊन ऐकत राहिले. कीड संपली, खतं लागली.

“ह्येच लागतं व्हय यात?”

“भजनं बी लागत्यात,” मार्थाबाई म्हणाल्या. “सकाळच्याला.”

जमादार उठले. गाव त्यांच्या हाताकडं बघत होतं. ते पडवीच्या पायऱ्या चढले, इकडंतिकडं बघितलं, खिडकीत रेडिओच्या नेहमीच्या जागेचा, धुळीतला मोकळा चौकोन सापडला आणि त्यावर रेडिओ बरोबर बसवला. खाली आले आणि साहेबांना म्हणाले, “परवान्याचं मला काय सांगता येत न्हाई. ते वरचं काम. पर मागल्या खेपंला मी ईचारलं ते माझं काम हुतं. राग धरू नका.”

“राग न्हाई,” साहेब म्हणाले.

आणि मग पायपेटी निघाली.

तात्या ओरडले नाहीत. साधं म्हणाले, “पेटी. बोला.”

मी म्हटलं, “तंबोरा! मिरजेचा, नवा, माझ्या हातचा!” वाटलं होतं, चुरस होईल. कुणी हूं की चूं केलं नाही. एक वार, दोन वार, तीन वार. पेटी माझी झाली. फाटकाशी बैलगाडी उभी, गाडीत कडबा, पिशवीत कासरे. मी पेटीवरची चादर काढली, खालून हात घातला.

दोनशे माणसं माझ्याकडं बघत होती. बरं, शंभर. पण पाटील बघत होते, मार्थाबाई बघत होत्या, आणि जमादार सायकल धरून थांबले होते. रागानं कुणी बघत नव्हतं. पाहुण्याला आपल्याकडची रीत ठाऊक नसली की आपण जसं सांभाळून घेतो, तसं बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या अंगणात अमेरिकेचा माणूस होता, इंग्लंडची बाई होती. पण परका असा एकच होता, आणि तो मिरजेहून आला होता.

पेटी जड होती, हे आधी सांगतो, म्हणजे पुढच्यात कुणी मोठेपणा शोधू नये. गाडीपर्यंत तीस पावलं असतील, पडवीपर्यंत दहा. मी पडवीकडं वळलो. पाटलांनी दुसरी बाजू धरली. पेटी तिच्या जागी टेकली तेव्हा मी मोठ्यांदा म्हटलं, “देवाला वाहिली!” म्हणताना आवाज जरा फाटला, थंडीमुळं.

एलनबाई पेटीपुढं बसल्या. त्यांनी पायट्या मारल्या आणि एक लांब सूर धरला. तोच, मिरजेच्या पुजाऱ्याला बाहेर काढणारा. मग थांबून त्या कोंबड्यांच्या राशीकडं बघत म्हणाल्या, “आणि ह्या सर्व जिवांचे आता काय करावे?”

साहेबांनी हॅट डोक्यावर घातली. “काय करनार? खुराडं बांधावं लागंल,” ते म्हणाले. “एवढ्या कोंबड्या टाकून मानूस जाईल कुठं?” आणि मग पाटलांकडं बोट रोखून, “पर कागद आला तर जानार बरं का!”

“कागद आला तर जावा,” पाटील म्हणाले. “आमी कुठं अडवतोय? आमी फकस्त लिलाव केला.”

मिस हॉबडे माझ्या शेजारी नाक शिंकरत होत्या. मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, कोंबड्यांच्या पिसांचा त्रास होतो.

पुन्हा केडगाव

निघायच्या आधी सकाळी मी पेटीचा भाता उघडला, एक पायटी घासत होती ती नीट केली. साहेब पडवीसमोर उकिडवे बसून खुराड्यासाठी कुडाच्या काठ्या बांधत होते. माझे नवे कासरे त्यांनीच मागून घेतले. मार्थाबाईंनी फडक्यात शेंगोळी बांधून दिली, ती फाट्यापर्यंतच टिकली.

केडगावच्या नाक्यावर तेच कारकून, तीच कानटोपी. त्यांनी आधी टपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“पायपेटी कुठाय?”

“घेतली,” मी म्हटलं. “आणि परत ठेवली.”

“हंगामाच्या लिलावात व्हय? मंग बराबर,” ते म्हणाले. जणू यात आश्चर्य करण्यासारखं काही नव्हतं. सगळ्या जिल्ह्याला ते ठाऊक होतं, मी सोडून. “बदल्यात काय दिलं?”

“तंबोरा पाठवायचाय.”

त्यांनी माझ्याकडं जरा कीव करून बघितलं. कंडक्टरनं घंटी ओढली. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चार पावलं चालत आले आणि हळू आवाजात विचारलं, “म्हंजी साहेब हाय नव्हं?”

मला खुर्चीचं सांगायचं होतं, जमादारांच्या पेरूंचं सांगायचं होतं, दोनशे माणसांचं सांगायचं होतं. पण त्या माणसाला भागाकार करायला लावावं, असं मला वाटेना.

“हाय,” मी म्हटलं.